ब्लँकेट नको, सहा आठवड्यांची विश्रांती द्या

प्रश्न मध्य मुंबईतल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाने विचारला आहे. दर नाताळात हे तरुण कल्याणकडच्या एका कुष्ठरुग्ण वसाहतीत जेवण आणि ब्लँकेटं घेऊन जातात. यंदा दानार्पणातून १ लाख २० हजार रुपये जमलेत. हे पैसे नेमके कशावर खर्च करावेत, लहान मुलांना सोबत न्यावं का आणि तिथे प्रार्थना घ्यावी का, असं त्यांनी विचारलं आहे. मी ३१ वर्षं मुंबईत एका ख्रिस्ती संस्थेत कुष्ठरोगाचं काम केलं. सुरुवात एनएमए म्हणून, म्हणजे चाळीचाळीतून, झोपडपट्टीतून फिरून अंगावरचे चट्टे तपासणारी कार्यकर्ती म्हणून झाली; पुढची वीस-एक वर्षं कुटुंबांच्या पुनर्वसनात गेली. त्या अनुभवातून सांगते.

जय ख्रिस्त. मुलांचं आधी सांगते, कारण ती भीती मनात असेल तर बाकीचं काही डोक्यात शिरत नाही. मुलांना खुशाल न्या. कुष्ठरोग एका जंतूमुळे होतो. नॉर्वेच्या हॅन्सन नावाच्या डॉक्टरांनी १८७३ साली तो शोधला. बहुतेक माणसांच्या शरीरात या जंतूला तोंड द्यायची ताकद उपजतच असते. लागण व्हायची तर औषध न घेतलेल्या रुग्णाचा जवळचा आणि दीर्घकाळचा सहवास लागतो, आणि औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत त्याच्यापासूनचा संसर्ग थांबतो. वसाहतीत ज्यांची बोटं वाकलेली दिसतात, त्यांतले बहुतेक जण वीस-तीस वर्षांपूर्वीच बरे झालेले आहेत. हात मिळवून, शेजारी बसून, एका ताटात जेवून तुमच्या मुलांना काहीही होणार नाही.

गेल्या वर्षी काही जणांनी हातमोजे घालून जेवण वाढलं, असं तुम्हीच लिहिलंय. ते पुन्हा करू नका, ही कळकळीची विनंती. वाढणाऱ्याला वाटतं, स्वच्छता पाळली. समोरचा मात्र पानातल्या भाताकडे बघत नाही, मोज्याकडे बघतो. मार्कच्या शुभवर्तमानातला कुष्ठरोगी प्रभूपाशी येतो, तेव्हा प्रभू आधी हात पुढे करून त्याला शिवतात आणि मग तो शुद्ध होतो, हे तुम्ही शब्बाथशाळेत शिकलेलेच आहात. बायबलमध्ये ज्याला कुष्ठ म्हटलंय ते सगळं आजचा कुष्ठरोगच होतं असं मानू नका. त्या शब्दाखाली कातडीचे कितीतरी आजार येतात, कपड्यावरचे आणि भिंतीवरचे डागही येतात. पण त्या शब्दाचा डाग आपल्या भाषेतल्या रुग्णांवर बसला तो बसलाच. शब्दांवरून आठवलं. 'महारोगी' हा शब्द तोंडातून जाऊ द्या. गावाकडे 'रक्तपिती' म्हणतात, तोही नको. आणि कोड म्हणजे कुष्ठ नव्हे. कोडाच्या पांढऱ्या डागाला स्पर्श कळतो, कुष्ठाच्या चट्ट्याला बहुधा कळत नाही. या एका घोटाळ्यामुळे कोड असलेल्या मुलींचीही लग्नं अडलेली मी पाहिली आहेत.

आता पैशांकडे येते.

कुष्ठरोगाचं औषध फुकट मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली बहुविध औषधोपचार सुचवला: रिफॅम्पिसिन, क्लोफॅझिमिन आणि डॅप्सोन. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की माणूस बरा होतो. महापालिकेच्या दवाखान्यात, केईएम, सायन, नायरच्या स्किन ओपीडीत, वडाळ्याच्या अ‍ॅकवर्थ रुग्णालयात, कुठेही जा, या गोळ्यांना पैसे पडत नाहीत. म्हणजे तुमचे पैसे औषधाला लागणार नाहीत.

ते लागतात औषधानंतर. हा जंतू नसांमध्ये घर करतो. कोपरापाशी, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, घोट्याच्या आतल्या बाजूला ज्या नसा कातडीच्या जवळून जातात, त्या सुजतात. वेळेवर उपचार झाला नाही तर तळहात-तळपाय बधिर होतात, बोटं वळतात, पाऊल लोंबतं. औषधाने जंतू मरतो. मेलेली नस परत येत नाही. आजार बरा झालेला माणूस मग उरलेलं सगळं आयुष्य न दुखणाऱ्या पायांनी चालतो. न दुखणारा पाय म्हणजे काय संकट, हे आपल्याला चटकन उमगत नाही. पूर्वी लोकांना वाटायचं की कुष्ठरोगात मांस आपोआप सडतं, बोटं झडतात. मिशनरी घरात जन्मलेले सर्जन पॉल ब्रँड यांनी १९४०च्या दशकाच्या शेवटी वेल्लोरला काम सुरू केलं, आणि मांस सडत नाही, वेदना नाही म्हणून रोज इजा होत राहते, हे त्यांनी दाखवून दिलं. खडा टोचला तरी माणूस त्याच पायावर दिवसभर चालतो. आपला पाय दुखला की आपण लंगडतो, आणि लंगडणं हाच औषधाचा पहिला डोस असतो. त्यांना लंगडता येत नाही.

आमच्या वस्तीत एक मावशी होत्या. नाव सांगत नाही. सोलापूरकडून लग्न होऊन धारावीत आल्या. तिथे चट्टा निघाला, नवऱ्याने माहेरी पाठवलं, माहेरच्यांनी परत गाडीत बसवलं, आणि त्या पुढे मुंबईपर्यंत न जाता कल्याणलाच उतरल्या. त्या धुण्याभांड्याची चार घरं करायच्या. आजार बरा झाल्याला बारा वर्षं होऊन गेली होती. डाव्या तळव्यावर अंगठ्याच्या मुळाशी एक जखम होती, आठ आण्याच्या नाण्याएवढी. मी दर पंधरा दिवसांनी ड्रेसिंग करायची. जखम भरत यायची, पुन्हा उघडायची. तीन वर्षं हा खेळ चालला. मलम बदललं, अँटिबायोटिक दिलं, मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. शेवटी त्या डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, ही कधी बसते का?"

नव्हत्याच बसत. चार घरांपैकी एकाही घराने पंधरा दिवसांची रजा दिली नसती. आणि रजेचं कारण काय सांगायचं हा प्रश्न त्याहून मोठा. तळव्याची साधी जखम, हाडाला लागलेली नसेल तर, त्या पायावर वजन न टाकता साधारण सहा आठवडे काढले की बहुधा भरून येते. आम्ही त्या मावशींना सहा आठवड्यांचा शिधा भरून दिला, खोलीचं भाडं दिलं, आणि मालकिणींना सांगायला एक खरंच कारण सापडलं: पायाला प्लास्टर. ते होतंच. त्यांच्या चार घरांवर तेवढे दिवस वसाहतीतलीच एक मुलगी बदली म्हणून गेली आणि तिचा पगार आम्ही दिला, त्यामुळे कामं सुटली नाहीत. सातव्या आठवड्यात प्लास्टर कापलं तेव्हा तळवा लहान मुलासारखा गुलाबी निघाला. मावशी त्यावरून बोट फिरवत राहिल्या. बोटालाही काही कळत नव्हतं आणि पायालाही नाही, तरी त्या फिरवत राहिल्या.

म्हणून तुम्हाला सांगते, ब्लँकेट नको, विश्रांती विकत घेऊन द्या. एका माणसाची सहा आठवड्यांची मजुरी, शिधा, भाडं आणि ओपीडीला जायचा रिक्षाचा खर्च धरला तर साधारण पंधरा हजार रुपये होतात. तुमच्या रकमेत आठ पावलं होतात. मी तुमच्या जागी असते तर सात केली असती आणि आठव्याचे पैसे चपलांना ठेवले असते.

चपलांबद्दल दोन शब्द जास्त सांगते, कारण यात दाते फार चुकतात. बधिर पायाला आत मऊ रबराचा थर आणि खाली कडक सोल असलेली चप्पल लागते, तिला एमसीआर चप्पल म्हणतात. मागे पट्टा लागतो, कारण बधिर पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही. कित्येकांना आजाराची पहिली शंका येते तीच मुळी "चप्पल कुठे पडली कळलं नाही" अशी. ही चप्पल मुंबईच्या पावसाळ्यात सहा महिने टिकली तर नशीब. सरकारकडूनही मिळते, पण वर्षाला दोन जोड लागतात आणि मापाची लागते. आणि ती 'कुष्ठाची चप्पल' म्हणून ओळखू येणारी नको. आम्ही सुरुवातीला सगळ्यांना एकाच काळ्या-निळ्या नमुन्याच्या चपला वाटल्या आणि त्या घरातच पडून राहिल्या. बाहेर घातल्या की रस्त्यावर माणूस ओळखला जायचा. मग एका चर्मकार दादांना बसवून बाजारातल्या सँडलसारखे पट्टे लावून घेतले, तेव्हा बायकांनी त्या पायात घातल्या.

आणखी एक कठीण गोष्ट बोलायला हवी. वसाहतीत काही जण अजूनही स्टेशनबाहेर, सिग्नलला भीक मागतात. त्यांची जखम ही त्यांची कमाई असते. जखम भरली तर हातावर पडणारं नाणं कमी होतं. तुम्ही ड्रेसिंगचं सामान घेऊन जाल आणि ते नीट वापरलं जाणार नाही, तेव्हा रागावू नका. आधी त्या घरात दुसरं उत्पन्न उभं राहू द्या, पट्टी मग आपोआप स्वच्छ होते.

आपल्या ख्रिस्ती सेवेचा इतिहास या बाबतीत मोठा आहे. त्याचा मला अभिमान आहे, आणि त्यातल्या चुकाही माहीत असाव्यात असं वाटतं. वेल्सली बेली हे आयरिश गृहस्थ १८६९ साली अंबाल्याला शिक्षक म्हणून आले. तिथल्या अमेरिकन मिशनऱ्यांच्या आश्रयगृहात त्यांनी कुष्ठरोगी पाहिले, आणि १८७४ साली डब्लिनला त्यातून एक मिशन उभं राहिलं, तेच आजचं लेप्रसी मिशन. महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातलं कोठारा, मिरजेचं रिचर्डसन रुग्णालय, ही त्यांची ठिकाणं कित्येक पिढ्यांना माहीत आहेत. मुंबईत वर्सोव्याला यारी रोडवर विमला सेंटरमध्ये सिस्टरांनी हीच सेवा केली. महापालिकेनेही जुन्या काळीच आश्रम काढला होता. आयुक्त हॅरी अ‍ॅकवर्थ यांनी १८९० साली माटुंग्याला तो उभा केला. मराठी पोवाडे जमवणारे अ‍ॅकवर्थ साहेब ते हेच. लोकगीतं जमवत फिरणाऱ्या माणसाला रस्त्यावरचे रुग्णही दिसावेत, याचं मला नवल वाटत नाही.

पण त्या काळी औषध नव्हतं, म्हणून सगळा भर वेगळं ठेवण्यावर होता. १८९८ च्या कायद्याने भीक मागणाऱ्या रुग्णांना पकडून आश्रमात टाकता येत होतं; तो कायदा पुस्तकातून जायला २०१६ साल उजाडलं. मिशनच्या कित्येक आश्रमांत पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे आणि त्यांची निरोगी मुलं तिसऱ्या इमारतीत ठेवली जात. मुलांना लागण होऊ नये हा हेतू चांगला होता आणि तेव्हा दुसरा इलाज नव्हता, हे मला मान्य आहे. तरी आईच्या कुशीतून मूल काढून घेतलं जायचं ते जायचंच. आज औषध आहे. आज कुटुंब एका छताखाली ठेवणं, हीच आपल्या सेवेची खरी कसोटी आहे असं मी मानते. कुठलीही मदत देताना स्वतःला विचारा: या मदतीने हे घर जवळ येतंय की फुटतंय?

आमच्याकडूनही एक घर फुटता फुटता राहिलं, ते सांगते. आमच्या संस्थेची एक गाडी होती. बाजूला मोठ्या अक्षरांत संस्थेचं नाव आणि त्यात 'कुष्ठरोग' हा शब्द. पूर्व उपनगरातल्या एका चाळीत आम्ही एका कुटुंबाला शिलाई मशीन दिलं आणि ते पोचवायला ती गाडी घेऊन मीच गेले. चाळीच्या तोंडाशी गाडी लावली, मशीन उतरवलं, चहा घेतला, फोटो काढला. आठ दिवसांनी त्या घरच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. वडिलांचा आजार सासरच्यांना माहीत नव्हता. गाडीवरून चाळीला कळला, आणि चाळीकडून पुढे पोचला. ती मुलगी मला काही बोलली नाही. तिने मशीन परत केलं. मी तिच्या घरी चार वेळा गेले, पाचव्या वेळी तिने दार उघडलं. गाडीवरचं नाव आम्ही त्याच महिन्यात पुसलं, पण ते कुणीतरी आधीच सुचवलं होतं आणि मी 'देणगीदारांना दिसायला हवं' म्हणून ऐकलं नव्हतं. तुमच्या बॅनरचं, टी-शर्टचं, फोटोचं तुम्ही काय ते ठरवा. माझं उत्तर तुम्हाला कळलंच असेल. वसाहतीतली मुलं आता कॉलेजात जातात, मॉलमध्ये, कुरिअर कंपनीत काम करतात. तुमच्या फेसबुकवर त्यांचा चेहरा आणि वर 'कुष्ठरोगी बांधवांसोबत नाताळ' असं लिहिलेलं त्यांच्या ऑफिसातल्या एखाद्याने पाहिलं, तर त्यांनी काय करायचं?

पैशांइतकीच, किंबहुना जास्तच, मदत कागदांत आहे. तुमच्यात शिकलेली, मोबाईल चालवणारी पोरं आहेत, त्यांना हे काम द्या. ज्यांची बोटं गेली आहेत किंवा ठसे झिजलेत, त्यांचा अंगठा रेशन दुकानातल्या मशीनवर उमटत नाही. दुकानदार म्हणतो, "अंगठा येत नाही, पुढच्या आठवड्यात या." माणूस चार वेळा जातो आणि पाचव्यांदा जात नाही. आधारसाठी बोटं नसलेल्यांना डोळ्याच्या बुबुळावरून नोंदणी करता येते, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाचा अंगठा चालत असेल तर त्याचं नाव रेशनकार्डावर चढवून घ्यावं लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठमुक्त व्यक्तींचा समावेश आहे. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढलं की सवलती, आणि अपंगत्व किमान ४० टक्के असेल तर सरकारी नोकरीतलं आरक्षणसुद्धा, लागू होतं. संजय गांधी निराधार योजनेत दरमहा अनुदान मिळतं. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि तलाठी-तहसील कार्यालयाचे खेटे घालावे लागतात. हे खेटे रोजंदारीवरच्या माणसाला परवडत नाहीत. तुमच्यातल्या एकाने महिन्यातून एक सोमवार सुटी काढून एका घरासोबत गेलं, तरी पुष्कळ होईल. सोबत जा, स्वतः पुढे होऊन बोलू नका. त्यांना बोलू द्या, तुम्ही फाइल धरा.

कायद्याचं एक आपल्यासाठी महत्त्वाचं. २०१९ पर्यंत कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण धरलं जात होतं, आणि ते फक्त हिंदू विवाह कायद्यात नव्हतं. आपल्या ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यातही ते होतं. संसदेने ते सगळीकडून काढलं. पाळकांना हे सांगा, कारण लग्नाच्या भानगडी शेवटी त्यांच्याकडेच येतात.

वसाहतीतल्या मुलांच्या शिक्षणावर खर्च करायचा असेल तर वह्यापुस्तकांपेक्षा दहावीनंतरचं बघा. वह्या सगळेच देतात. दहावी झाल्यावर मात्र मुलगा बापाच्या जागी कामाला लागतो आणि तिथेच अडकतो. लेप्रसी मिशनचं नाशिकला व्यवसाय प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे कुष्ठरुग्णांच्या मुलांनी वेल्डिंग, मोटर मेकॅनिक, शिवण असे धंदे शिकून घेतलेत. एका मुलाच्या जाण्यायेण्याचा आणि तेवढ्या काळात घरी कमी पडणाऱ्या पैशांचा भार तुम्ही उचललात, तर ते घर भिकेपासून कायमचं सुटू शकतं. आणि घरात नवा रुग्ण निघाला असेल, तर बाकी सगळ्यांना तपासायला न्या. आजार उघड व्हायला सरासरी पाच वर्षं लागतात, कधी वीससुद्धा. आता सरकारी कार्यक्रमात संपर्कातल्या माणसांना तपासून रिफॅम्पिसिनचा एक डोस देतात, त्याने धोका कमी होतो. फिकट किंवा लालसर चट्टा, न खाजणारा, न दुखणारा; कानाच्या पाळ्या जाड झालेल्या; भुवया विरळ; हातापायाला सतत मुंग्या. एवढं तुमच्या तरुण संघाने पाठ केलं, तर वसाहत सोडा, स्वतःच्या चाळीतसुद्धा एखादा हात वाकायच्या आधी वाचेल. जगातले निम्म्याहून जास्त नवे रुग्ण अजून आपल्या देशात निघतात. २००५ च्या डिसेंबरात दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण उरले म्हणून निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं, आणि दात्यांनी ते 'आजार संपला' असं ऐकलं. आमच्याकडची मदत तेव्हापासून आटत गेली.

औषध चालू असताना कधी अंग अचानक लाल होतं, चट्टे सुजतात, नसा ठणकतात, ताप येतो. याला आम्ही रिअ‍ॅक्शन म्हणतो. घरच्यांना वाटतं गोळ्या बाधल्या, आणि ते गोळ्या बंद करतात. नेमका तेव्हाच हात-पाय जायचा धोका सर्वात जास्त असतो. त्या दिवसांत कुणी ओळखीचं घरी डोकावून "गोळ्या सोडू नका, आजच दवाखान्यात चला" एवढं म्हणालं, तर एक हात वाचतो. तुम्ही वर्षातून एकदा गेलात तर हे तुम्हाला कधीच कळणार नाही. महिन्यातून एकदा गेलात तर कळेल. म्हणून पाच-सहा घरं धरा आणि निदान पाच वर्षं सोडू नका.

प्रार्थनेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. कुणी मागितली तर मनापासून करा, त्याच्या खोलीत, त्याच्या शेजारी बसून. शिधा वाटण्याआधी सगळ्यांना ओळीत बसवून प्रार्थना घेऊ नका. भुकेला माणूस त्यावेळी 'आमेन' शिध्याला म्हणतो, आणि आपण ते देवाचं समजतो. तिथे हिंदू आहेत, मुसलमान आहेत, बौद्ध आहेत, आपले ख्रिस्तीही आहेत. ३१ वर्षांत मला अनेकांनी विचारलं, "ताई, तुम्ही हे का करता?" तेव्हा मी प्रभूचं नाव घेतलं. विचारलं नाही तेव्हा पाय धुतले. प्रभूनेही शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा आधी प्रवचन दिलं नव्हतं.

पैशांचा व्यवहार ८०जीची मान्यता असलेल्या एखाद्या नोंदणीकृत ट्रस्टमार्फत करा, करसवलतीची पावती मिळेल आणि हिशोब राहील. कुणाचे दुबईचे-अमेरिकेचे नातेवाईक देणगी पाठवतो म्हणाले, तर थांबा. परदेशी देणगीला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते. ती नसताना घेतलेला पैसा तुमच्या चर्च कमिटीला अडचणीत आणेल. २०२० पासून एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देताही येत नाही.

आता राहिलं नाताळचं जेवण. ते बंद करा असं मी म्हणत नाही, वसाहत त्या दिवसाची वाट बघते. फक्त या वेळी शिजवलेलं नेऊ नका. आठ दिवस आधी जा, तिथल्या बायकांना विचारा काय करायचं, आणि सामान त्यांच्या हाती द्या. सोबत लाकडी मुठीच्या कढया, लांब दांड्याचे झारे, सांडशीला गुंडाळायला जाड कापड आणि कान असलेले कप द्या. स्टीलच्या पेल्यातला उकळता चहा बधिर बोटं भाजतो आणि कळत नाही, फोड आल्यावर दिसतो. संध्याकाळी उरलेल्या वेळात तीन-चार टब घ्या, कोमट नको, साधं पाणी भरा, वीस मिनिटं पाय बुडवून बसायला सांगा. घट्टे मऊ झाले की खरखरीत दगडाने हलके घासायचे, धातूच्या वज्रीने नको, आणि पाय कोरडा पुसायच्या आधीच ओल्यावर खोबरेल चोळायचं म्हणजे ओल आत राहते. हे त्यांना येतं. तुमच्या मुलांना ते शिकवतील. रात्री उंदीर बधिर पाय कुरतडतात, म्हणून जाड मोजे द्यायला विसरू नका. एवढी एक वस्तू ब्लँकेटच्या पैशांतून जरूर घ्या.

आणि करंज्या तिथेच करा. त्या मावशी अजून आहेत. त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं वळलेली आहेत, पण करंजीची कडा कापायच्या कातण्याच्या दांड्याला त्यांनी जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलाय, तो तळहातात नीट बसतो. पोळपाटाशी त्या बसल्या की करंजीची कडा एका फेरीत पुरी करतात. तुमच्या संडे स्कूलच्या मुलींना त्यांच्या शेजारी सारण भरायला बसवा.